केकवरची चेरी आणि डोंगरातले करवंद

बेकरीतल्या केकवर, आइस्क्रीमच्या पेल्यात किंवा मघई पानाच्या टोकाला टोचलेली लालभडक ‘चेरी’ आपल्याकडे बहुतेक वेळा चेरी नसतेच. ते असते करवंद. कच्चे असतानाच तोडायचे, बी काढायची, मिठाच्या आणि गंधकयुक्त रसायनांच्या पाण्यात ठेवून मूळचा रंग घालवायचा, साखरेच्या पाकात मुरवायचे आणि वरून लाल खाद्यरंग चढवायचा. करवंदातले घेण्यासारखे जे काही असते, ते या खटाटोपात जवळजवळ सगळे निघून जाते. उरतो तो साखरेचा चिकट, रंगीत गोळा.

त्याच रस्त्यावरच्या सुपरमार्केटात पेरू किंवा चिली देशातून आलेल्या ब्लूबेरीची सव्वाशे ग्रॅमची डबी दोन-तीनशे रुपयांना विकली जाते. घेणारा ती ‘अँटिऑक्सिडंट’ मिळावेत म्हणून घेतो. २०२३च्या सप्टेंबरात भारताने अमेरिकी ब्लूबेरी आणि क्रॅनबेरीवरचे आयातशुल्क कमी करायचे मान्य केले, त्यामुळे अशी डबी आणखी सर्रास दिसू शकते. येऊ द्या. प्रश्न आयातीचा नाही. ब्लूबेरीला निळा रंग देणारी अँथोसायनिन नावाची द्रव्ये जांभळाच्या सालीत असतात, पिकून काळ्या झालेल्या करवंदातही असतात. जांभळे खाऊन जीभ रंगते ती त्यांच्यामुळेच. करवंदात शिवाय ‘क’ जीवनसत्त्व आणि लोह असते. म्हणून करवंद हे औषध ठरत नाही. जांभळाच्या बियांची पूड घेऊन मधुमेहाच्या गोळ्या बंद करणाऱ्यांनी तर आधी डॉक्टरांना गाठावे. पण चांगले, रोजच्या आहारात बसणारे फळ म्हणून ही दोन्ही ब्लूबेरीच्या पंक्तीला बसतात. फरक आहे तो त्यांच्यामागे घेतलेल्या कष्टांचा.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ब्लूबेरीही रानमेवाच होती. तिची शेती होत नाही, अशीच शेतकऱ्यांची समजूत होती. अमेरिकी कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१०मध्ये दाखवून दिले, की या झुडपाला आम्लधर्मी माती लागते. चांगल्या खतावलेल्या बागेत ते मरते. त्यांचे ते लेखन वाचून न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाइट यांनी त्यांना आपली जमीन देऊ केली. पुढचे काम मात्र फक्त प्रयोगशाळेत झाले नाही. रानात फिरून फळे वेचणाऱ्या स्थानिकांच्या हाती व्हाइटबाईंनी ठरावीक मापाची भोके पाडलेली पट्टी दिली. त्या भोकातून खाली न पडणारे मोठे फळ देणारे झुडूप दाखवा, पैसे घ्या, आणि वर झुडपाला तुमचे नाव. रूब लीक नावाच्या माणसाने दाखवलेल्या झुडपावरून ‘रूबेल’ हे वाण आले. १९१६मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचा पहिला माल बाजारात गेला.

महाराष्ट्रात काहीच झाले नाही, असे नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने मोठ्या फळाचे ‘कोकण बोल्ड’ हे करवंदाचे वाण दिले, जांभळाचे ‘कोकण बहाडोली’ दिले. पालघरच्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण वाण निघाले, मानांकनाचा कागद आला, की आपल्याकडे काम संपल्यासारखे वाटते. ‘कोकण बोल्ड’ची हजारभर रोपे हवी असलेल्या शेतकऱ्याने आपल्या तालुक्यातल्या रोपवाटिकांत चौकशी करून पाहावी.

करवंद आजही कर्जत-कसाऱ्याच्या बाजूला पानाच्या द्रोणातूनच विकले जाते. कातकरी, ठाकर बाया पहाटे डोंगर चढतात, काट्यांनी हात ओरबाडून घेत पाटी भरतात आणि संध्याकाळपर्यंत ती संपली नाही, तर पडेल भावाला देऊन टाकतात. कारण पिकलेले करवंद दोन दिवसही धड टिकत नाही, जांभळाचेही तेच. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी या समाजांना दिली, पण मालकी असलेला माल ठेवायला गावात शीतपेटी नाही. तालुक्याला एक गर काढण्याचे यंत्र आणि उणे १८ अंशांची एक शीतखोली एवढी सोय झाली, तरी मे महिन्यातले करवंद-जांभूळ वर्षभर दही, लापशी, आइस्क्रीम करणाऱ्यांना पुरवता येईल. त्या गराला साखर लागत नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. कारण आपली फळप्रक्रिया बहुतेक वेळा सरबतापाशीच अडते, आणि स्क्वॅशमध्ये फळाचा अंश २५ टक्के असला तरी नियमाला ते पुरते.

मागणी वाढली, की डोंगर ओरबाडला जाईल, ही भीती मात्र खरी आहे. वणवे आणि प्लॉटिंगसाठी फिरणारे जेसीबी यांनी करवंदाच्या जाळ्या आधीच पातळ केल्या आहेत. म्हणून वाढीव माल शेताच्या बांधावरून यायला हवा. करवंदाचे काटेरी कुंपण पूर्वी घरोघर होते. त्याची जागा सिमेंटचे खांब आणि काटेरी तारेने घेतली. ही जाळी मुरमाड जमिनीत तग धरते, रुजली की पाणी मागत नाही, गुरांना आत येऊ देत नाही, उताराची माती धरते आणि फुलोऱ्यात मधमाश्यांना चारा देते. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीने त्या पठाराचे अर्थकारण बदलले, हे नाकारायचे कारण नाही. पण तिथे दरवर्षी नवी रोपे, गादीवाफ्यावर प्लास्टिकचे आच्छादन, ठिबक आणि फवारण्या लागतात. करवंदाची तशी शेती करायला जाऊ नये. तीन एकरांत नुसते करवंद लावा, असा सल्ला देणाऱ्यापासून शेतकऱ्याने लांबच राहावे. आधी बांध, मग बाजार पाहून पुढचे.

सरकारला यात फार मोठी योजना आखावी लागणार नाही. १९९०पासून रोजगार हमीतून फळबागा लावण्याचा अनुभव राज्याच्या गाठीशी आहे. त्यात बांधावरच्या करवंदाला ठळक जागा द्यावी. आणि पाकिटावर ‘चेरी’ लिहून आत करवंद विकणाऱ्यांना ते करवंदच आहे, असे ठळक अक्षरांत छापायला लावावे. ज्यांच्याकडे बांध आहे, त्यांनी तोवर थांबू नये. करवंदाची बी वाळवून ठेवली, तर तिची उगवण झपाट्याने घटते. मेअखेर खाल्लेल्या फळांच्या बिया धुऊन जूनच्या पहिल्या पावसातच पेराव्यात. दोन-तीन वर्षांत फळ धरू लागते.