कितीला जाईल?

मंडळी, जुनी नाणी जमवतो असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "कितीला जाईल?" मग मोबाईल पुढे येतो. वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं, दहा लाख म्हणे! अहो, २०१२ सालचं नाणं ते, वाण्याकडे सुट्ट्यात मिळायचं. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पत्रक काढून सांगितलं की, आमच्या नावानं जुन्या नाण्यांच्या व्यवहारात कर-कमिशन मागणाऱ्यांशी आमचा काहीही संबंध नाही. तरी फॉरवर्ड चालूच.

पण मला भामट्यांपेक्षा आपलाच जास्त राग येतो. परभणीकडच्या घरांत आजीच्या डब्यात अजून चिल्लर निघते. नातू ती चिंचेनं घासून लख्ख करतो, फोटो टाकतो, वीस रुपये भाव कळला की तांबं भंगारात आणि चांदी सराफाकडे. संपलं!

त्या चिल्लरीत काय असतं? परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. राज्याचं चलन वेगळं, हाली सिक्का. इंग्रजांचा रुपया तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. म्हणजे जिंतूर ओलांडून वऱ्हाडात बाजाराला गेलेल्या माणसाला आधी हा हिशोब करावा लागायचा. उस्मान अलीच्या चांदीच्या चवली-पावलीवर चारमिनार आहे, आणि त्याच्या कमानीत 'ऐन' हे अक्षर, उस्मानच्या नावातलं पहिलं. साल हिजरी. ०.९७ नं गुणा, ६२२ मिळवा, इसवी सन येतो. १३६२ म्हणजे १९४३. एवढं गणित तर आपल्याला जमतं ना?

कुणी म्हणेल, पैसे मिळतील या आशेनंच लोक जपतात, नाहीतर कधीच फेकलं असतं. मला नाही पटत. आशेनं जपणारा वीस रुपये ऐकल्यावर फेकतोच. आणि चांगला भाव आला तर नाणं जातं, ते कुणाच्या घरातलं, कुठल्या गावचं हे मात्र कुठेच जात नाही, पुसलं जातं. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटा उरला, मेटाडेटा गेला. रुपया निदान तिजोरीत तरी राहायचा. मीठ-मिरची घेतली ती पै-आण्यानं, म्हणून गरिबाच्या हातातलं नाणं तेच. आणि मोडीत सगळ्यात आधी तेच जातं.

म्हणून माझं म्हणणं: छोटीच नाणी जमवा. घासू नका, घासलेला थर परत येत नाही. कागदाच्या पाकिटात ठेवा, वर गाव, घर, तारीख लिहा. आणि गावी जाल तेव्हा ऐंशीच्या पुढच्या माणसाला विचारा की हाली सिक्क्यात काय काय यायचं. हाली हाताळलेली माणसं आता फार थोडी उरलीत. नाणं पुढच्या वर्षीही डब्यात असेल हो, सांगणारा असेलच असं नाही.