रविवारची दुपार

कंटाळा हा भरल्या पोटाचा चोचला, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास वाचल्यावर हे मत टिकत नाही.

परळ-लालबागच्या गिरण्यांत १८९० पर्यंत आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. साचेखात्यातला, म्हणजे मागावरचा, कामगार ताण्यावर नजर खिळवून उभा असे. धागा तुटला की साचा थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचा. अशा कामात मन रमत नाही आणि त्याला भटकायचीही सोय नाही; लक्ष हटले की कापडात खोट आणि पगाराला कात्री. असा कंटाळा माणसाला आतून झिजवतो.

तत्त्वज्ञांना मात्र कंटाळा रविवारी दिसला. शोपेनहॉवरने मध्यमवर्गाच्या आठवड्याची वाटणी करून ठेवली आहे: सहा दिवस गरजेचे, रविवार कंटाळ्याचा. पुढे हायडेगरने १९२९-३०च्या व्याख्यानांत कंटाळ्याचे तीन प्रकार सांगितले. त्यांतल्या सर्वांत खोल प्रकाराचे त्याचे उदाहरण म्हणजे रविवारी दुपारी मोठ्या शहराच्या रस्त्यांतून चालणारा माणूस. दोघांनीही रविवार गृहीत धरला. आमच्याकडे तो भांडून मिळवावा लागला. रविवार हा खंडोबाचा वार, असे सांगत नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगार उभे केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. (खाणावळ चालवणाऱ्या बायकांना मात्र रविवारीही चूल पेटवावीच लागे. त्यांच्या सुट्टीचा ठराव कोणी मांडला नाही.)

रिकामी दुपार पहिल्यांदा हाती आली की माणूस काय करतो, हा प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटतो. भजन, कुस्ती, तमाशा होतेच. पण वाचनही होते. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. आमच्यासारख्या दिवाळी अंकांचे मूळ माणसाच्या या मोकळ्या वेळातच आहे.

सगळाच रिकामा वेळ मोकळा नसतो, हेही याच वस्तीने सोसले आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांत संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. आज ना उद्या भोंगा वाजेल म्हणून नाक्यावर काढलेल्या त्या दिवसांना सुट्टी म्हणणे क्रूरपणाचे होईल. उद्याचा भरवसा असेल तरच कंटाळ्यातून काही उगवते, असे आम्हाला वाटते.

आता गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत आणि लोकलमधला आणि फलाटावरचा प्रत्येक क्षण फोनने भरलेला आहे. कंटाळा यायला फटच उरलेली नाही. आम्हाला याची खरोखर काळजी वाटते, कारण लांब कथा वाचणारा माणूस याच फटीतून येतो. म्हणून यंदाच्या अंकात मजकूर छोटा करण्याचा आग्रह आम्ही मानला नाही. दीर्घकथा दीर्घच छापल्या आहेत. एखाद्या कथेत मध्येच कंटाळा आला तर येऊ द्या, आणि मग पुढचे पान उलटा.