आधी अंथरूण, मग पांघरूण

थंडी सुरू झाली की शाळांच्या सहली आणि स्काऊट-गाईडची शिबिरे सुरू होतात. हल्ली त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. भंडारदरा, पवना अशा जलाशयांच्या काठी तंबू भाड्याने मिळतात. हॉटेलची खोली परवडत नाही. पण चार घरांनी मिळून गाडी केली, डबे बरोबर घेतले, तर तंबूत एक रात्र काढणे आपल्यासारख्या कष्टकरी कुटुंबालाही जमते. ही चांगली गोष्ट आहे. वर्षभर राबणाऱ्या माणसाने बायको-मुलांसह एक दिवस मोकळ्या हवेत घालवावा, हा त्याचा हक्कच आहे.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी चेहरे पाहावेत. कुणाची पाठ धरलेली, आजीचे गुडघे आखडलेले आणि घरातल्या बाईचा तर रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नसतो. सगळे एकच सांगतात, "थंडी फार होती." आमचे म्हणणे असे की, बहुतेक वेळा ही थंडी वरून येत नाही, खालून येते.

आपण निघताना काय करतो? ब्लँकेट, शाल, स्वेटर असे पांघरायचे सामान भरपूर घेतो आणि खाली एक सतरंजी टाकतो. येथेच चुकते. ऊब नुसत्या कापडात नसते, ती कापडात अडकलेल्या हवेत असते. पांघरूण अंगावर हलके पडते, म्हणून त्यातली हवा टिकते. अंथरुणावर मात्र सगळ्या अंगाचे ओझे येते. ते दबते, त्यातली हवा निघून जाते आणि गार जमीन आपल्या अंगातली ऊब रात्रभर ओढत राहते. महागातली स्लीपिंग बॅग घेतली तरी तिची पाठीखालची बाजू अशीच दबते. म्हणून तीन ब्लँकेटे असतील तर दोन खाली घालावीत व एक पांघरावे.

आपल्या लोकांना जमिनीची ही थंडी नवी नाही. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे सगळा हिवाळा कोपीत काढतात. त्यांची ती हौस नव्हे, नाइलाज आहे. खेड्यापाड्यांत भाताचा पेंढा पसरून वर गोधडी टाकण्याची रीत होती, तीही याच अनुभवातून आली. पेंढ्याच्या काड्यांत हवा असते, म्हणून तो उबदार लागतो.

आता तंबूसाठी काय घ्यावे ते पाहू. पैसे नसतील तर घरातल्याच वस्तूंनी काम होते. सर्वांत खाली ताडपत्री किंवा प्लॅस्टिकचा जाड कागद घालावा, म्हणजे ओल वर येत नाही. हा कागद तंबूबाहेर डोकावू देऊ नये, नाहीतर दव आणि पावसाचे पाणी त्यावरून तंबूखाली शिरते. तंबूच्या आत, अंथरुणाखाली, दुकानातून आणलेली मोठी खोकी उलगडून पुठ्ठा पसरावा. पुठ्ठ्याच्या पन्हाळ्यांत हवा असते, त्यामुळे तो थंडी चांगली अडवतो. त्यावर जुन्या लुगड्यांची जाड वाकळ टाकावी. वाकळ जड असते, पण गाडीने जाताना त्याची अडचण नाही. चालत गड चढायचा असेल तर मात्र दुसरी सोय पाहावी.

ती दुसरी सोय म्हणजे फोमची चटई. ती हलकी असते, पाणी पीत नाही, फुटत नाही आणि काही शे रुपयांत मिळते. अगदी पातळ चटई तरण्या मुलांना चालते, पण म्हाताऱ्या माणसाचे कंबरेचे हाड तिच्यावर टोचते. अशा वेळी दोन चटया एकावर एक घालाव्यात. चांगल्या चटईच्या वेष्टनावर आर-व्हॅल्यू नावाचा आकडा छापलेला असतो. तो जितका मोठा, तितकी जमिनीची थंडी कमी लागते. पूर्वी प्रत्येक कंपनी हा आकडा आपापल्या पद्धतीने काढत असे. एएसटीएम या संस्थेने २०१८ मध्ये मोजणीची एकच पद्धत ठरवून दिली. पाऊण इंच जाडीच्या चांगल्या फोमच्या चटईचा आकडा साधारण २ असतो. दोन चटया एकावर एक घातल्या की दोघींच्या आकड्यांची बेरीज होते.

हवेची गादी पाहूनच मुले खूश होतात. ती मऊ असते हे खरे. पण साध्या हवेच्या गादीत हवा मोकळी खेळते आणि अंगाची ऊब खाली नेऊन सोडते. गादी जाड आहे म्हणजे उबदार आहे, असे समजू नये. तिच्यावर गोधडी किंवा फोम घातल्याशिवाय थंडीत निजू नये. रात्री गारव्याने आतली हवा आकसते, त्यामुळे पहाटे गादी ढिली लागते. ती फुटलीच असे नाही. तरी निघण्यापूर्वी घरी एक रात्र फुगवून ठेवावी आणि हवा टिकते का ते पाहावे.

ज्यांना जमिनीवरून उठता येत नाही त्यांच्यासाठी घडीची खाट उत्तम. पण खाटेखालून गार वारा वाहतो, म्हणून खाटेवरही जाड अंथरूण हवेच. पायांनी तंबूचा तळ फाटू नये म्हणून त्यांखाली पुठ्ठ्याच्या घड्या ठेवाव्यात.

स्लीपिंग बॅग घेताना वेष्टनावरचे तापमानाचे आकडे नीट वाचावेत. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे त्यावर तीन आकडे असतात. पहिला कम्फर्ट म्हणजे आरामाचा, तो स्त्रीच्या शरीराचा हिशेब करून काढलेला असतो. दुसरा लिमिट म्हणजे मर्यादेचा, तो पुरुषाच्या शरीराचा हिशेब करून. तिसरा एक्स्ट्रीम म्हणजे कसाबसा जीव वाचवण्यापुरता, त्याला झोप म्हणता येत नाही. झोपेत स्त्रीला पुरुषापेक्षा लवकर थंडी वाजते, हे त्या मोजमापातच धरलेले आहे. तेव्हा आई रात्री कुडकुडली तर तिला नाजूक म्हणून हसू नये.

चार माणसांचा तंबू म्हणजे चार माणसे खांद्याला खांदा लावून मावतील एवढा. पिशव्या आणि भांडी त्यात धरलेली नसतात. म्हणून एकदोन माणसे जास्त मावतील असाच तंबू मागावा. तंबू पाण्याच्या अगदी काठाला किंवा खोलगट जागी लावू नये. तेथे गारवा आणि ओल जास्त असते. जमीन उतरती असेल तर डोके चढाच्या बाजूला करावे. थंडी वाजते म्हणून तंबूची जाळी लावलेली झरोकी बंद करू नये. आपल्या श्वासातली वाफ कापडावर जमते आणि पहाटे पांघरूण ओले होते.

भगिनींनो आणि बंधूंनो, आता मुख्य गोष्टीकडे वळू. तंबूत कोण कोठे निजते? बहुतेक घरांत चांगली गादी कर्त्या पुरुषाला, मधली उबदार जागा मुलांना आणि दाराशी घरातली बाई. का, तर रात्री मुलाला बाहेर न्यायचे तिलाच आणि पहाटे चहाचे आधण ठेवायचे तेही तिलाच. उरलेली चटई आणि अपुरे पांघरूण तिच्याच वाट्याला येते. सहलीला सगळे घर जाते, पण विश्रांती सगळ्यांना मिळत नाही. हे कुणी मुद्दाम करत नाही. घरी जे रोज चालते तेच तंबूतही चालते. म्हणूनच ते ठरवून बदलावे लागते.

आमची सूचना अशी. जागा आणि अंथरुणाची वाटणी उजेड असतानाच सर्वांनी मिळून करावी. पहिला मान गुडघ्या-कंबरेच्या दुखण्याच्या म्हाताऱ्या माणसांचा आणि गरोदर बाईचा. दिवस भरत आलेल्या बाईने कुशीवर निजावे आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये गुंडाळलेला स्वेटर ठेवावा. तान्ह्या बाळाला मोठ्यांच्या पांघरुणात गुरफटू नये. अंगात गरम कपडे घालावेत आणि तोंड उघडे ठेवावे. बाकीच्यांना अंथरूण सारखे मिळाले पाहिजे. दाराशी यावेळी बापाने निजावे. पहाटेचा चहाही त्यानेच ठेवावा, आणि तो तंबूबाहेर.

बाहेर असे मुद्दाम म्हणतो. तंबूत शेगडी, स्टोव्ह किंवा कोळशाची निखारे असलेली घमेली कधीही ठेवू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस झोपेतच दगावतो. ऊब हवी असेल तर गरम पाण्याची बाटली घट्ट बंद करून, फडक्यात गुंडाळून पायांशी घ्यावी.

दुसरी काळजी सापाची. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्याला झोपेतच चावते. तिचा दंश फारसा दुखत नाही, कित्येकदा खूणही दिसत नाही. म्हणून तंबूची चेन रात्रभर लावलेली असावी, बाहेर जाताना हातात बॅटरी असावी आणि बूट झटकूनच पायात घालावेत. पहाटे कुणाच्या पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या, बोलताना जीभ अडखळू लागली, तर मांत्रिकाकडे जाऊन वेळ घालवू नये. १०८ वर फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने थेट दवाखाना गाठावा. सर्पदंशावर प्रतिविष हेच औषध आहे.

तंबूचे भाडे भरताना जो हिशेब करता, तोच अंथरुणाचाही करा. घरातली माणसे मोजा, प्रत्येकाच्या अंगाखाली काय असणार ते एका कागदावर लिहा, आणि आईच्या नावापुढची जागा शेवटी भरायला ठेवू नका.