काराकोल, बोले तो थंडा थंडा कूल!

स्कीइंग म्हटलं की डोळ्यासमोर येतं स्वित्झर्लंड, आणि पाठोपाठ क्रेडिट कार्डाचं बिल. पण बॉस, नकाशात जरा पूर्वेकडे सरका. किरगिझस्तान! आपल्याकडची मुलं बिश्केकला मेडिकलला जातात, तेवढीच आपली या देशाशी ओळख. मी गेले ती बर्फासाठी.

बिश्केकहून मार्श्रुत्का पकडायची. मार्श्रुत्का म्हणजे त्यांची वडाप, भरली की सुटते! साधारण ४०० किलोमीटरचा रस्ता इस्सिक-कुल सरोवराच्या काठाने जातो. १६०० मीटर उंचीवर असूनही हे सरोवर थंडीत गोठत नाही. पाणी किंचित खारट, आणि नावाचा अर्थच ‘उष्ण सरोवर’. शेवटी येतं काराकोल. गावाजवळच्या डोंगरावर सोव्हिएत काळात खेळाडू सराव करायचे. आता लिफ्ट तुम्हाला ३००० मीटरपर्यंत नेते. स्की, बूट भाड्याने मिळतात. नवशिक्यांनी इथेच धडपडावं.

खरी गंमत पुढे, ज्यिर्गालानला. हे एकेकाळचं कोळसा खाणीचं गाव. खाणकाम आटलं, तसं गावकऱ्यांनी घरं पाहुण्यांसाठी उघडली. इथे लिफ्टबिफ्ट विसरा. स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाची पट्टी चिकटवायची. तिची लव एकाच दिशेला झुकलेली असते, त्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. दोन-तीन तास चढायचं आणि काही मिनिटांत खाली!

दुसऱ्या दिवशी माथ्याच्या अलीकडेच गाइडने हात वर केला. ‘आज नाही.’ ऊन लख्ख, उतार कोरा करकरीत. ग्रुपमध्ये चुळबुळ सुरू झाली. एवढा खर्च करून आलो ते परत फिरायला? पण रात्रभर वारा होता. वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला रचतो, आणि तो थर माणसाच्या वजनानेही सुटू शकतो. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाकडे पहिली पंधरा-वीस मिनिटं असतात. एवढ्या वेळात बाहेरून मदत येत नाही. सोबतच्यांनीच उकरून काढायचं. आम्ही मुकाट खाली आलो.

तेव्हा मंडळी, जाणार असाल तर तीन गोष्टी पक्क्या करा. एक, स्थानिक गाइड. दोन, प्रत्येकाकडे बीकन, प्रोब आणि फावडं, शिवाय ते वापरायचा सराव. तीन, इन्शुरन्स. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत स्कीइंग बहुतेक वेळा धरलेलं नसतं, तेव्हा बारीक अक्षरं वाचा.

आणि हो, काराकोलला परतल्यावर आश्ल्यान-फू चापा. थंडगार, आंबट-तिखट नूडल्सचं सूप. बाहेर शून्याखाली तापमान असतानाही लोक ते आवडीने ओरपतात!