‘लागलं का काही?’ या प्रश्नाचा समाचार

तळ्याच्या काठावर गळ टाकून बसलेल्या माणसाला येणारा-जाणारा एकच विचारतो, ‘काय मामा, लागलं का काही?’ कमलनगरात मराठीतून विचारतात, भालकीकडे कन्नडमधून, बिदरात दखनीतून. विचारण्यात वावगं काहीच नाही. रस्त्यात भेटलेल्याला ‘जेवलात का’ म्हणावं, त्यातलाच हा प्रकार. पूर्वी विचारणारा उत्तरासाठी थांबतही नसे. आता थांबतो. किती लागले, केवढा लागला, वजन केलं का, फोटो कुठंय, इथपर्यंत चौकशी जाते. मोबाइलवर रोज कुणी ना कुणी भलामोठा कटला छातीशी धरून उभा असतो. तो पाहून कारंजा धरणाच्या फुगवट्यावर रविवारी जाणाऱ्या शिक्षकाला, दुकानदाराला, बँकेतल्या कारकुनाला वाटायला लागतं की आपण तसलं काही घरी नेलं नाही तर रविवार फुकट गेला.

माझं म्हणणं याच्या उलट आहे आणि ते सरळ आहे. पोटासाठी मासे धरणाऱ्याला ताण असतो, तो त्याला चुकत नाही. हौसेनं गळ टाकणाऱ्यानं तो ताण उसना आणू नये. यावर आक्षेप पुष्कळ येतात. काही पोकळ आहेत, एकदोन चांगले वजनदार आहेत. सगळ्यांची उत्तरं सारख्याच तपशिलानं द्यायची गरज नाही.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप असा: समोर उद्दिष्ट नसेल तर माणूस शिकणार कसा? आज दोन किलो, पुढच्या महिन्यात पाच किलो, असं ठरवलं तरच हात बसतो. ऐकायला पटतं. पण हे म्हणणारा एक गोष्ट विसरतो, की या व्यवहारात दुसरा पक्ष पाण्यात आहे आणि त्याला आपलं उद्दिष्ट माहीत नाही. पाण्यात म्हैस आणि वर मोल, ही म्हण अशांसाठीच असावी.

कार्प जातीचा मासा कसा खातो ते नीट पाहिलं तर उद्दिष्टाची भाषा किती बिनबुडाची आहे ते कळतं. रोहू, कटला, मृगळ, आणि बाजारात ज्याला सायप्रिनस म्हणतात तो कॉमन कार्प, ही सगळी एकाच कुळातली मंडळी. यांच्या जबड्यात दात नाहीत, दात घशात. जठरही नाही. त्यामुळे मरळीसारखा एक मोठा घास गिळून ते गप्प पडत नाहीत. थोडं थोडं, चाचपत, दिवसभर खातात. तोंडात घास ओढायचा, पसंत नसेल तर फुंकून टाकायचा, हे इतक्या झटपट होतं की काठावरच्याला पत्ताही लागत नाही. कान तर फार तिखट: हवेच्या पिशवीपासून अंतर्कर्णापर्यंत बारीक हाडांची साखळी असते आणि काठावर आपटलेला पाय तिला समजतो. शरीराचं तापमान पाण्याबरोबर वरखाली होतं. बिदरचं पठार उंचावर, पौष-माघात पहाटेचा गारठा हाडात शिरतो. अशा सकाळी सायप्रिनस तळाशी सुस्त पडून असतो, त्याला भूकच नसते. दुपारी ऊन पाण्यात मुरलं की तोच हलायला लागतो. पहाटे पाचला अलार्म लावून, घरच्यांची झोपमोड करून गेलेल्याला काही मिळत नाही, आणि दुपारी जेवण उरकून आलेल्याला मिळतं. यात पहिल्याची मेहनत कमी पडली असं कुणी म्हणेल का?

मासे शिकतातही. नेदरलँड्समध्ये ब्यूकेमा नावाच्या शास्त्रज्ञानं १९७०च्या सुमारास तळ्यात खुणा केलेले कार्प सोडून पाहिलं. एकदा गळाला लागून सुटलेला मासा पुन्हा लागणं फार अवघड झालं, आणि त्याची ही सावधगिरी वर्षभरानंतरही टिकून राहिली. म्हणजे तुमच्या गळाशी न आलेला मासा कदाचित गेल्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या गळाची चव घेऊन बसलेला असतो. त्याचा हिशेब तुम्ही स्वतःच्या नावावर का मांडता?

मग कौशल्य कशात असतं? बघण्यात. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात, मृगळ आणि सायप्रिनस तळाला. गळ किती खोल सोडायचा हे यावरून ठरतं. सायप्रिनस चिखल उकरतो तेव्हा बारीक बुडबुड्यांची रांग वर येते आणि तेवढ्या जागी पाणी गढूळ होतं. तंगुसाला बांधलेलं भेंड तर बोलतंच. चिलापी असेल तर ते नुसतं टुकटुक करतं, थांबतं, परत टुकटुक करतं. नवखा इथंच काठी उपसतो आणि रिकामा गळ अंगावर घेतो. सायप्रिनसनं तळातली कणकेची गोळी तोंडात धरून मान वर केली की शिसं जमिनीवरून उचललं जातं, आणि बुडण्याऐवजी भेंड वर येऊन आडवं पडतं. हे आडवं पडणं ज्यानं ओळखलं तो निम्मी विद्या शिकला. पण ते ओळखायला डोळा भेंडावर पाहिजे. ज्याला साडेनऊपर्यंत दोन किलो भरायचे आहेत तो दर पाच मिनिटांनी तंगूस ओढून गोळी बदलतो, जागा बदलतो, शेजाऱ्याला काय लागलं ते डोकावतो. तो बघतच नाही. ताणानं कौशल्य वाढतं म्हणणाऱ्यांनी असा एक तास काठावर बसून मोजावा.

इथं कुणी विलायतेचा दाखला देतो. तिकडे लोक कार्पसाठी रात्र-रात्र तंबू ठोकून बसतात, विक्रम नोंदवतात. ते काय वेडे आहेत? वेडे नाहीत, पण दाखला उलटा पडतो. रिचर्ड वॉकर या इंग्रज इंजिनिअरानं १३ सप्टेंबर १९५२ रोजी रेडमायर नावाच्या छोट्या तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे वीस किलोंचा कार्प धरला आणि त्या देशात मोठा गाजावाजा झाला. त्याआधी मोठा कार्प गळाला लागणं म्हणजे निव्वळ नशीब, अशी तिकडची समजूत होती. वॉकरनं ती मोडली ती पाण्याकडे आणि माशाकडे नीट बघून. मासा लागला की वाजणारी विजेची घंटीही त्यानं तयार केली. आज तिकडचं साहित्याचं दुकान, लाखालाखाच्या काठ्या, स्पर्धा आणि आकड्यांची चढाओढ हे सगळं त्यानंतर फुगलं. आपण घ्यायचं तर त्याचं बघणं घ्यावं. त्याच्या माशाचं वजन घेऊन काय करणार? साहित्याबद्दल तर एवढंच म्हणतो की बांबूची काठी, तंगूस, शिसाचा तुकडा आणि धांड्याचं भेंड यांवरही रोहू येतो. महागडं रीळ ज्याला परवडतं त्यानं खुशाल घ्यावं. ते घेतलं म्हणून मासा बांधील होत नाही.

दुसरी टोळी याच्या नेमकी विरुद्ध. ही म्हणते, ताण नको ना, मग जाताच कशाला? तासन्‌तास पाण्याकडे बघत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. घरात कामं पडलीत, शेतात तूर काढायला आलीय, आणि हे महाशय गळ टाकून बसलेत.

या टोळीला बिदर जिल्ह्यातूनच उत्तर मिळतं. आजचं बसवकल्याण म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तिथला राजा सोमेश्वर तिसरा यानं ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पाच विभाग, प्रत्येकात वीस प्रकरणं, एकूण शंभर. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात याची नोंदही याच ग्रंथातली, म्हणून मराठीच्या अभ्यासकांना तो माहीत असतो. पण त्यात गळानं मासे धरण्यावर ‘मत्स्यविनोद’ नावाचं आख्खं प्रकरण आहे हे कमलनगरच्या गळवाल्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे? तीसहून अधिक जातींचे मासे, कुणाला कोणता चारा रुचतो, दोरी कशी, काठी कशी, गळ कसा, सगळं तपशिलानं. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादित करून १९२५पासून छापायला घेतला, आणि सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञानं १९५१ साली या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहिला.

मला महत्त्वाचं वाटतं ते या प्रकरणाचं स्थान. राज्य मिळवणं पहिल्या विभागात, राज्य टिकवणं दुसऱ्यात. मासे धरणं येतं चौथ्यात, कुस्ती, गायन, वादन, नृत्य आणि कथा यांच्या पंगतीला. राजाला वेळ होता, नोकरचाकर होते, हे मान्य. तरी ज्याच्या डोक्यावर राज्याचं ओझं होतं त्यानं ते ओझं पाण्याच्या काठावर नेलं नाही, आणि ओझं नेलं नाही म्हणून ज्ञानात कसूरही ठेवली नाही. तीसएक जातींची माहिती रिकामटेकडा लिहीत नसतो. एका दगडात दोन्ही टोळ्या आटोपल्या.

तिसरा आक्षेप मी आदरानं ऐकतो. त्याच कल्याणात काही दशकांनी बसवण्णांनी दयेची शिकवण दिली. आपल्या भागात कितीतरी घरांत मासा शिजत नाही. जीव घेण्यात कसली मौज, असं ते विचारतात. ज्याला जीव घेणंच मान्य नाही त्याला माझ्याकडे उत्तर नाही, त्यानं जाऊ नये. मात्र बाजारातून कटला कापून आणणाऱ्यानं हा प्रश्न मला विचारू नये. उलट त्याला मी सांगेन, की आकड्याचा हव्यास सोडला तर मरणारे मासेही कमी होतात. घरात चार माणसं असतील तर एक रोहू पुरतो.

आता सगळ्यात जड आक्षेप. तो भोई-कोळी समाजातला मच्छीमार घेतो आणि तो खरा आहे. तो म्हणतो, तुमची गंमत होते आणि आमचा मासा जातो. हे समजायला मासा तळ्यात येतो कुठून ते माहीत पाहिजे. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेकडचे. साठलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पुराचं पाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळ इथं हिरालाल चौधुरी यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवून दाखवलं, म्हणून आज आपल्या तळ्यांत सोडायला बीज मिळतं. १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच. सहकारी संस्था तळं ठेक्यानं घेते, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ऑक्सिजन भरून आलेली बोटुकली विकत घेऊन सोडते, चोरीमारी होऊ नये म्हणून राखण ठेवते. पाऊस दगा देतो तेव्हा सगळं पाण्यात नव्हे, चिखलात जातं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मांजरा खोऱ्यातल्या मच्छीमारांनी काय पाहिलं असेल याची कल्पना करा. ताण म्हणतात तो हा. जाळं रिकामं आलं तर संध्याकाळी उधारी मागायला जावं लागतं.

याच्या शेजारी बसून, घरी वरण-भात तयार असताना, ‘आज काहीच लागलं नाही, डोकं फिरलं’ असं म्हणणं मला शोभत नाही एवढंच नाही, मला ते अपमानकारक वाटतं. आणि उसन्या ताणाचा शेवट कशात होतो तेही पाहावं. एका काठीच्या चार काठ्या होतात. चाऱ्याचे ढीग पाण्यात पडून कुजतात. मग कुणी तीन तोंडी गळ पाण्यातून नुसताच खेचत मासा पोटात टोचून काढतो. त्यापुढची पायरी सुरुंगाची आणि विषाची. या दोन्हींना १८९७च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानं बंदी घातली, म्हणजे ही हाव किती जुनी आहे ते कळतं. कर्नाटकानं १९९६ साली अंतर्देशीय मासेमारीसाठी स्वतःचा कायदा केला. तरीही कायदा प्रत्येक बंधाऱ्यावर उभा राहू शकत नाही. रिकाम्या हातानं घरी जायची ज्याला लाज वाटत नाही तोच माणूस आडमार्गाला जात नाही.

तेव्हा मच्छीमाराच्या आक्षेपावर उत्तर एवढंच, की त्याचा हक्क आधी. तळं ठेक्याचं असेल तर संस्थेच्या माणसाला विचारा, ठरलेले पैसे द्या, तो ‘नको’ म्हणाला तर परत फिरा. एक काठी न्या. लागला तर घरापुरता ठेवा, छोटा असेल तर ओल्या हातानं सोडा. वजनकाटा घरी राहू द्या. आणि एप्रिल-मेमध्ये पाणी खड्ड्यापुरतं उरतं, मासे दाटीनं अडकलेले असतात, कुणाच्याही गळाला लागतात, तेव्हा तर मुळीच जाऊ नका. त्या दिवसांतला मासा ज्यानं बीज सोडलं त्याचा आहे.