लाळ खरी, माणूस दुसराच

जून १९७९मध्ये इंग्लंडमधल्या वेस्ट यॉर्कशायर पोलिसांकडे टपालाने एक कॅसेट आली. १९७५पासून त्या भागात बायकांचे एकामागून एक खून पडत होते. तपासाची धुरा सांभाळणाऱ्या जॉर्ज ओल्डफील्ड यांचं नाव घेऊन कॅसेटवरचा माणूस ते आपणच केल्याचं सांगत होता, वर पोलिसांना खिजवतही होता. त्याआधी त्याच हाताची पत्रंही येऊन गेली होती. त्यांतल्या एका पाकिटाला लाळ लावलेली आढळली. पाकीट चिकटवणाऱ्याचा रक्तगट ‘बी’ आहे आणि लाळेतूनही रक्तगट ओळखू येतो अशा लोकांपैकी तो आहे, असं प्रयोगशाळेने सांगितलं. असे पुरुष शंभरात सहाच्या आसपास. प्रेस्टन शहरात १९७५मध्ये झालेल्या एका खुनात मिळालेलं वीर्यही याच प्रकारचं निघालं आणि पत्रात प्रेस्टनचा उल्लेख होताच. भाषातज्ज्ञांनी कॅसेटवरची बोली संडरलंड परिसरातली असल्याचं ओळखलं. हा सगळा बनाव असू शकतो, असंही त्यांनी बजावलं होतं. पण ते कानामागे पडलं. संशयिताची बोली संडरलंडची नाही, अक्षर जुळत नाही, की त्याच्या नावावर काट मारायची, असं चाललं. ते खून खरोखर करणाऱ्या, ब्रॅडफर्डच्या पीटर सटक्लिफ या लॉरीचालकाची तपासाच्या काळात नऊ वेळा चौकशी झाली आणि नऊही वेळा तो सुटला. कॅसेट आल्यानंतर आणखी तीन स्त्रिया मारल्या गेल्या. २ जानेवारी १९८१ला शेफील्डमध्ये तो सापडला तो गाडीला खोटी नंबरप्लेट लावली म्हणून. प्रयोगशाळेचा त्यात काडीचाही वाटा नव्हता.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. पाकिटाचा जपून ठेवलेला तुकडा २००५मध्ये डीएनए चाचणीला गेला आणि संडरलंडचाच एक माणूस हाती लागला. पत्रं त्याची, कॅसेट त्याची, लाळही त्याचीच. खून मात्र त्याने एकही केला नव्हता. २०११मध्ये प्रेस्टनच्या खुनाचाही डीएनएवरून उलगडा झाला. तो करणारा तिसराच कुणी होता आणि तोवर मेलेलाही होता. म्हणजे प्रयोगशाळेचं काहीच चुकलं नव्हतं: रक्तगट बरोबर होता, बोलीची पारखही बरोबर होती. तीन वेगवेगळ्या माणसांच्या खुणा एकाच्याच आहेत, हे कोणत्याही यंत्राने सांगितलं नव्हतं. ते पोलिसांनी गृहीत धरलं होतं. न उलगडलेल्या खूनमालिकांतल्या भौतिक पुराव्याची मर्यादा शोधायची तर ती इथे शोधावी लागते. ‘ही खूण कुणाची’ या प्रश्नाचं उत्तर विज्ञान देतं. ‘ही मालिका कुणाची’ हा प्रश्न वेगळा आहे. मुळात मालिका आहे का, असेल तर तिच्यात कोणते खून धरायचे आणि कोणते वगळायचे, हे माणसं ठरवतात. कधी नीट विचार करून, कधी मथळ्यांच्या दबावाखाली. एकट्या खुनात हा प्रश्न उद्भवत नाही. मालिकेत मात्र एका ठिकाणची खूण दहा ठिकाणांना लागू करायची असते, आणि ती उडी नमुन्याच्या नव्हे, तर्काच्या जोरावर घेतली जाते.

कॅलिफोर्नियातल्या ‘झोडिॲक’ प्रकरणाचं कोडं अर्धशतक उलटूनही सुटलेलं नाही, याचं कारणही बरंचसं याच उडीत आहे. डिसेंबर १९६८ ते ऑक्टोबर १९६९ या काळात चार हल्ले झाले, पाच जण मेले, दोघे वाचले. पहिल्या हल्ल्यात .२२चं हत्यार, दुसऱ्यात नऊ मिलिमीटरचं, तिसऱ्यात चाकू, चौथ्यात पुन्हा नऊ मिलिमीटरचं, पण दुसरंच. गोळ्या आणि पुंगळ्या तपासून हे चार हल्ले एका माणसाचे ठरत नाहीत. ते जोडले जातात ते मुख्यतः वर्तमानपत्रांना आलेल्या पत्रांमुळे, त्यांतल्या तपशिलांमुळे आणि तिसऱ्या हल्ल्यानंतर गाडीच्या दारावर लिहून ठेवलेल्या मजकुरामुळे. पत्र आणि खून यांना प्रत्यक्ष बांधणारी सर्वांत भक्कम वस्तू एकच: सॅन फ्रान्सिस्कोत मारल्या गेलेल्या टॅक्सीचालकाच्या शर्टाचा रक्ताने माखलेला तुकडा, जो पत्रासोबत आला. २००२मध्ये एका पत्राच्या तिकिटावरून अपुरं डीएनए प्रोफाइल मिळवलं गेलं आणि सर्वाधिक चर्चेतला संशयित आर्थर ली ॲलन त्याच्याशी जुळला नाही. तो १९९२मध्येच वारला होता. यावरून काहींनी त्याला निर्दोष ठरवलं, तर काहींनी चाचणीच निकामी ठरवली. पण तिकिटावरचा अंश खुन्याचाच, हे कुणी आणि कशावरून ठरवलं? तिकीट दुसऱ्याने लावलेलं असू शकतं, पुढे कित्येक हातांतून गेलेलं असू शकतं. नंतरच्या काही पत्रांच्या खरेपणाबद्दलही वाद आहेतच. एवढ्याशा नमुन्यावर कुणाला दोषी ठरवणं चूक, तसं सोडून देणंही चूक. दर काही वर्षांनी कुणीतरी हौशी तपासकांचा गट खुनी सापडल्याचं जाहीर करतो आणि जगभरची वर्तमानपत्रं ते पहिल्या पानावर छापतात. २०२१मध्येही तसंच झालं आणि तपास खुलाच असल्याचं एफबीआयला सांगावं लागलं. कुटुंबासह बदनाम होणारा माणूस बहुधा मेलेला असतो, हे या धंद्याला फारच सोयीचं पडतं.

उलट बाजूने पाहिलं तर पुरावा स्वतःच नसलेली मालिका उभी करू शकतो. १९९३पासूनच्या गुन्ह्यांत जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समध्ये सुमारे चाळीस ठिकाणी एकाच अनोळखी स्त्रीचा डीएनए सापडत गेला. त्यांत खून होते, घरफोड्या होत्या, गाड्यांच्या चोऱ्याही होत्या. एप्रिल २००७मध्ये हाइलब्रॉन शहरात एका तरुण महिला पोलिसाचा खून झाला, तिथेही तोच डीएनए. तीन लाख युरोंचं बक्षीस लागलं. मार्च २००९मध्ये फ्रान्समध्ये एका जळालेल्या पुरुषाची ओळख पटवताना, आश्रयासाठी त्याने पूर्वी केलेल्या अर्जावरच्या बोटांच्या ठशांतही हीच बाई निघाली, तेव्हा कुठे शंका आली. ती होती नमुना घेण्याच्या कापसाच्या काड्या बनवणाऱ्या कारखान्यातली एक कामगार. काड्या निर्जंतुक केलेल्या होत्या, पण जंतू मेले म्हणजे डीएनए पुसला जातो असं नाही. कित्येक वर्षं कुणाला प्रश्न पडला नाही, कारण डीएनएला प्रश्न विचारायचा असतो हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. त्या तरुणीच्या खुनाचा धागा पुढे २०११मध्ये नवनाझी गटापर्यंत पोहोचला, तो वेगळ्याच वाटेने.

यावर हरकत येणार: डीएनएनेच तर ‘गोल्डन स्टेट किलर’ पकडला. खरं आहे, आणि ती हरकत मोडीत काढता येणारी नाही. १९७०च्या दशकापासून १९८६पर्यंत कॅलिफोर्नियात तेरा खून आणि कित्येक बलात्कार करणारा जोसेफ डीॲंजेलो २०१८मध्ये सापडला, तो वंशावळींच्या संकेतस्थळावरून दूरच्या नातेवाइकांचा माग काढून. पण तिथे वेगळं काय होतं? उत्तर कॅलिफोर्नियातले बलात्कार आणि दक्षिणेतले खून एकाचेच, हे २००१मध्ये डीएनएनेच दाखवलं होतं. नमुना पीडितेच्या शरीरावरचा, म्हणजे तो तिथे का होता याला निरपराध उत्तर नव्हतं. आणि वंशावळीतून आलेलं नाव पोलिसांनी केवळ धागा मानलं. त्याने वापरलेल्या वस्तूंवरून नमुना पुन्हा जुळवला, मगच अटक केली. ज्या प्रकरणात मालिका जोडण्याचं कामही त्याच नमुन्याने केलं, तिथे मी मांडतो ती मर्यादा फारशी लागू होत नाही. अशी प्रकरणं थोडी असतात. वॉशिंग्टन राज्यातल्या ग्रीन रिव्हर प्रकरणात गॅरी रिजवेची लाळ १९८७मध्ये घेतली होती, ती २००१मध्ये जुळली. आधी चार खुनांचे आरोप ठेवले गेले, मग रंगाच्या सूक्ष्म कणांवरून आणखी तीन. २००३मध्ये त्याने अठ्ठेचाळीस खून कबूल केले, ते फाशी टाळण्याच्या बोलीवर. प्रयोगशाळेने सातांपर्यंत नेलं. बाकीच्या एक्केचाळीस खुनांचं उत्तर मिळालं ते एका खुन्याच्या तोंडून.

मग कबुलीजबाबावर विसंबायचं का, असं कुणी विचारील. मुळीच नाही. लेस्टरशायरमध्ये १९८०च्या दशकात दोन मुलींच्या खुनांपैकी एकाची कबुली सतरा वर्षांच्या मुलाने दिली होती आणि डीएनएच्या खुनाच्या तपासातल्या पहिल्या वापराने आधी काय केलं असेल, तर त्याला सोडवलं. विज्ञान कबुलीपेक्षा कितीतरी भरवशाचं आहे. माझा आक्षेप विज्ञानाच्या उत्तराला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मानण्याला आहे. बॉस्टनमध्ये १९६२ ते १९६४ दरम्यान झालेले स्त्रियांचे खून आपण केले, असं अल्बर्ट डीसाल्व्होने सांगितलं. त्या खुनांसाठी त्याच्यावर खटला कधीच चालला नाही आणि १९७३मध्ये तुरुंगात त्याचा खून झाला. २०१३मध्ये त्याचा पुरलेला मृतदेह उकरून केलेल्या चाचणीत शेवटच्या बळीजवळचा डीएनए त्याचा निघाला. ‘बॉस्टन स्ट्रँगलर’चं कोडं सुटलं, असे मथळे आले. सुटला होता एक खून. त्या बाकीच्या स्त्रियांना एकाच हाताने मारलं का, याबद्दल ती चाचणी काही सांगत नाही. तिला तसं विचारलंही नव्हतं.

आपल्याकडे १९८०च्या दशकात मुंबईत सायन-किंग्ज सर्कल परिसरात फुटपाथवर झोपलेल्या डझनभर माणसांची डोकी जड दगडाने ठेचली गेली. १९८९मध्ये कोलकात्यात तसंच झालं. ‘स्टोनमॅन’ हे नाव वर्तमानपत्रांतून रूढ झालं आणि नावामुळे माणूसही एकच असल्याचा समज झाला. एकच होता, दोन होते की पहिल्याची बातमी वाचून दुसऱ्याने केलं, हे आजही ठरलेलं नाही. दगडाच्या खडबडीत पृष्ठभागावर बोटांचे ठसे उमटायची शक्यता कमी, मेलेल्यांपैकी कित्येकांची ओळखसुद्धा पटलेली नव्हती आणि डीएनए तंत्र तर आपल्याकडे तेव्हा रुजलेलंच नव्हतं. अशा प्रकरणात उद्या कुणी जुन्या वस्तूवरून कुणाचं नाव घेतलं, तर पहिला प्रश्न असा हवा की ती वस्तू कोणत्या खुनाची आणि तिचा प्रवास कागदावर आहे का.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक करायचं ठरवलं आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. पाऊल योग्यच आहे. पण यॉर्कशायर, ‘गोल्डन स्टेट किलर’ आणि ग्रीन रिव्हर या तिन्ही कथांत दशकांनंतरचं उत्तर मिळालं ते कुणीतरी पाकिटाचा तुकडा, नमुन्यांचा संच, लाळेचा बोळा नीट नोंदवून जपून ठेवल्यामुळे. गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, असा ‘अ’ समरी अहवाल जेव्हा आपले पोलीस पाठवतात, तेव्हा त्या खुनाचा मुद्देमाल किती वर्षं, कोणत्या तापमानाला, कुणाच्या सहीने ठेवला जाणार, आणि प्रयोगशाळेच्या अहवालात ‘या नमुन्यावरून एवढंच सांगता येतं’ असा स्वतंत्र रकाना असणार की नाही, हे राज्याच्या गृहखात्याने नव्या मोबाइल न्यायसहायक व्हॅनच्या उद्घाटनाइतक्याच उत्साहाने जाहीर करावं.