युद्ध संपले, कायदा राहिला

पहिल्या महायुद्धाचे कारण विचारले तर शाळेतील मूलही साराजेव्होचे नाव सांगेल. २८ जून १९१४ रोजी त्या नगरात गाव्रिलो प्रिन्सिप या तरुणाने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनंड व त्याची पत्नी यांना गोळ्या घातल्या, हे खरे. परंतु ती ठिणगी पडण्यापूर्वीच दारूगोळा साठलेला होता. एका बाजूस जर्मनी व ऑस्ट्रिया, दुसऱ्या बाजूस रशिया, फ्रान्स व इंग्लंड अशी गटबंधने झाली होती. सैन्याच्या जमवाजमवीची वेळापत्रकेही आखून तयार होती. एकाने फौज हलविली की दुसऱ्यास थांबणे कठीण. बेल्जियमवर आक्रमण होताच ४ ऑगस्टला इंग्लंड युद्धात उतरले आणि हिंदी जनतेस न विचारताच हिंदुस्थानही त्यात ओढला गेला.

रणांगणाच्या हकीकती आपण पुष्कळ वाचतो. या वेळी घरी राहिलेल्या नागरिकाकडे पाहू.

इंग्लंडने युद्धात पडल्यापासून चारच दिवसांत राज्यसंरक्षणाचा कायदा संमत केला. बर्ट्रांड रसेल यांच्यासारख्या तत्त्वज्ञासही युद्धविरोधी लेखनाबद्दल आधी दंड व पुढे १९१८ मध्ये तुरुंगवास घडला. अमेरिकेत कामगारपुढारी यूजीन डेब्स यांना एका भाषणापायी दहा वर्षांची शिक्षा झाली. गंमत अशी की १९२० ची अध्यक्षीय निवडणूक त्यांनी तुरुंगातूनच लढविली आणि नऊ लाखांहून अधिक मते मिळविली!

आपल्याकडे मार्च १९१५ मध्ये भारत संरक्षण कायदा आला. खास न्यायमंडळ, ज्यूरी नाही, निकालावर अपील नाही. लाहोर कटाच्या पहिल्या खटल्यात अशा न्यायमंडळाने चोवीस जणांना फाशी सुनावली. व्हाइसरॉयने सतरा जणांची शिक्षा कमी केली. सात जण फासावर गेले. त्यांत एकोणीस वर्षांचा कर्तारसिंग सराभा होता आणि पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे होते. १९१७ मध्ये ॲनी बेझंट यांना स्थानबद्ध करण्यात आले, तेही याच कायद्याखाली.

हे सारे युद्धापुरते, असे सांगण्यात आले होते. लोकांनी ते सोसले. दहा लाखांहून अधिक हिंदी शिपाई व मजूर परदेशी पाठविले. नोव्हेंबर १९१८ मध्ये तोफा थंडावल्या. तोवर न्यायमूर्ती रौलट यांच्या समितीचा अहवाल तयार होता, आणि मार्च १९१९ मध्ये, कायदेमंडळातील हिंदी लोकनियुक्त सभासदांचा विरोध डावलून, खटल्यावाचून डांबण्याचा अधिकार शांततेच्या काळासाठीही सरकारने घेतला. ‘ना वकील, ना दलील, ना अपील’ हे त्याचे लोकांनी केलेले वर्णन कोणत्याही कायदेपंडिताच्या भाष्याहून नेमके वाटते. ६ एप्रिलला देशभर हरताळ झाला. १० एप्रिलला अमृतसरहून डॉ. सत्यपाल व डॉ. किचलू यांना दूर नेण्यात आले. १३ एप्रिलला, बैसाखीच्या दिवशी, जालियनवाला बागेत गोळीबार झाला. मृतांचा सरकारी आकडाच ३७९ आहे.

रौलट कायदा १९२२ मध्ये रद्द झाला. भारत संरक्षण कायदा मात्र त्याच नावाने १९३९ च्या युद्धात परतला आणि स्वतंत्र भारतातही १९६२ व १९७१ मध्ये संमत झाला. १९७५ च्या आणीबाणीचा अनुभव घेतल्यावर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ठरविले की जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या २१ व्या अनुच्छेदाची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही.